आबासाहेबांचा डावा गाल

माझ्या वडिलांची सही दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या कितीतरी गावांत अजून शाबूत आहे. वेशीपाशी, शाळेच्या आवारात, बंगल्याच्या फाटकाशेजारी, उसाच्या बांधावर काळ्या दगडात कोरलेला एखादा चेहरा दिसतो. चेहऱ्याखाली तारखा, तारखांखाली घरातल्या सगळ्या हयात पुरुषांची नावं, आणि उजव्या कोपऱ्यात तिरकी, शेपूट वळवलेली, ऐटदार सही. ती अण्णांची. त्या सहीवर त्यांनी फार मेहनत घेतली होती. माझ्या शाळेच्या वह्यांची मागची पानं ते ती गिरवून गिरवून भरून टाकायचे. त्या दगडांवर त्यांनी स्वतःच्या हातानं कोरलेलं असं तेवढंच आहे. चेहरे आईनं कोरले.

अण्णा रेल्वेत पेंटर होते. दौंडच्या यार्डात उभ्या असलेल्या मालडब्यांवर आकडे लिहायचे. लिहायचे म्हणजे पत्र्यात कापलेला आकडा डब्यावर धरायचा आणि वरून ब्रश फिरवायचा. हे काम कुणीही करू शकलं असतं, आणि दुपारनंतर त्यांचा मदतनीसच ते करत असे. पण घरी आल्यावर, लग्नकार्यात, विहारातल्या बैठकीत ते ‘रेल्वेत आर्टिस्ट’ असत. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, केसांना मागं ओढून लावलेलं तेल. ‘साधना’ हा शब्द त्यांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला यायचा. आई तो शब्द ऐकला की चुलीतलं लाकूड पुढं सरकवायची. स्टोव्ह आल्यावर स्टोव्हला पंप मारायला लागली.

आमच्या भागात तोवर गेलेल्या माणसाची आठवण म्हणजे सिमेंटच्या चौकटीत बसवलेला काचेमागचा फोटो. दोन उन्हाळ्यांत तो पिवळा पडायचा, तिसऱ्या वर्षी काचेत पाणी शिरून नाक आणि मिशा एकमेकांत मिसळायच्या. अण्णा एकदा कर्नाटकात कुठल्याशा लग्नाला गेले आणि तिथं त्यांनी पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर नुसत्या ठिपक्यांनी कोरलेला माणूस पाहिला. परत आले ते ही कल्पना आपल्यालाच सुचली अशा तोऱ्यात. वर्कशॉपमधून लेथ मशीनच्या तुटलेल्या टूलचं कठीण टोक आणलं आणि ते पेन्सिलीएवढ्या सळईला बसवून घेतलं. त्याला आम्ही टोच्या म्हणायचो. टोच्या दगडावर धरायचा, त्याच्या माथ्यावर छोट्या हातोडीनं मारायचं, की काळ्या दगडावर खसखशीएवढा पांढरा ठिपका उठतो. ठिपके दाट मारले की उजेड पडतो, विरळ मारले की सावली. सगळी कला एवढीच आहे, आणि ती करायला माणसाला महिना महिना एका जागी बसावं लागतं. अण्णांना बसणं जमत नव्हतं.

पहिला दगड त्यांनी स्वतः करायला घेतला होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. शिरूरच्या दुकानातून फरशी आणली, फोटोवर चौकोन आखले, कागदाच्या पाठीला खडू घासून रेघा दगडावर उतरवल्या. दोन दिवस ते खाली बसले. तिसऱ्या दिवशी नाकाच्या शेंड्याचा टवका उडाला, बोटाच्या पेराएवढा. अण्णांनी दगडाला शिव्या दिल्या, शिरूरच्या दुकानदाराला दिल्या, आम्ही घरात आवाज करतो म्हणून आम्हाला दिल्या आणि हातोडी टाकून स्टेशनवर चहाला गेले. आईनं तो फुटका दगड न्हाणीमागं ओढून नेला. दुपारची भांडी झाली की ती त्याच्यापुढं बसायला लागली. लहानपणी तिनं विहिरीच्या कामावर खडी फोडली होती. दगड कुठं फुटतो आणि कुठं ऐकतो हे तिच्या मनगटाला ठाऊक होतं. आधी तिनं एक पळी कोरली, मग शेळी, आणि मग उरलेल्या कोपऱ्यात तिच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा चेहरा. आजीचा फोटो कुणीच कधी काढलेला नव्हता. मी तो चेहरा पहिल्यांदा पाहिला तो दगडावरच. अण्णांनी तिन्ही चित्रं पाहिली आणि पुढच्या आठवड्यात नवी फरशी आणून आईपुढं ठेवली. फुटका दगड त्यांनी पालथा करून नळापाशी पाय ठेवायला बसवला. वाया कशाला घालवायचा, म्हणाले.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, लाल विटांचं, मागं शेवग्याचं झाड आणि त्याखाली पत्र्याची शेड. शेडमध्ये दगड भिंतीला टेकवून उभा असायचा आणि आई त्याच्यासमोर पोत्यावर. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मी इंजिनाची शिट्टी सांगत नाही. सांगते टक् टक् टक् टक्, आणि मध्येच पडणारी शांतता. सोलापूरकडची गाडी जवळून गेली की जमीन हलायची, आणि जमीन हलली की ठिपका घसरायचा, म्हणून आई हातोडी वर उचलून गाडी जाईस्तोवर तशीच थांबायची. डबे मोजत असल्यासारखी. गाडी गेली की पुन्हा टक् टक्. दगडाची पांढरी भुकटी घरभर असायची. ती आईच्या पापण्यांवर, शेवग्याच्या पानांवर, पाण्याच्या हंड्याच्या काठावर बसायची. रविवारी अण्णा उजनीच्या पाण्यातली चिलापी आणायचे, आई तिखट कालवण करायची, बाजरीच्या भाकरी थापायची, आणि पहिल्या घासाला अण्णा तोंड वाकडं करायचे. “कच लागतेय.” ताट सरकवायचे. त्या साधनेचा अण्णांच्या वाट्याला आलेला भाग तेवढाच, दाताखाली आलेला. आईच्या उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना तोवर काही कळेनासं झालं होतं. ती तव्यावरची भाकरी नुसत्या हातानं उलटायची आणि आम्हाला वाटायचं, आई शूर आहे.

गिऱ्हाईक आलं की दगडावर पोतं पडायचं. आई पदराखाली हात घेऊन चहा आणायची. अण्णा खुर्चीत बसून, बोटांच्या टोकांना मुद्दाम लावून घेतलेली भुकटी रुमालानं पुसत, “चेहऱ्यातला माणूस सापडेपर्यंत मी टोच्या उचलत नाही,” असलं काहीतरी बोलत. एकदा एका गिऱ्हाइकानं आईच्या पांढऱ्या पापण्या पाहून विचारलं, “वैनी, दळण लय दिसतंय घरी?” आई म्हणाली, “व्हय.” मी त्या वेळी हसले होते, गिऱ्हाइकाच्या बाजूनं. माझ्याबद्दलही लिहायला हवं. मी चौदा-पंधरा वर्षांची होते आणि मूर्ख होते. ‘माझे वडील : एक कलावंत’ असा निबंध मी शाळेत लिहिला, त्याला बक्षीस मिळालं. शेडमध्ये रोज फोटो धरून आईला “इथं दाट, इथं विरळ” असं मीच सांगत होते, आणि तरी तो निबंध मीच लिहिला. आईनं तो वाचला, वही परत दिली आणि म्हणाली, “अक्षर चांगलं हाय तुझं.”

दगडाची एक गंमत आहे, ती गिऱ्हाइकांना कळत नसे आणि अण्णांनाही कधी कळली नाही. काळा दगड मुळातच काळा असतो. केस, मिशा, बुबुळं यांना काही करावं लागत नाही, दगड तिथं तसाच सोडायचा. पांढरं करायला मात्र मारावं लागतं. जेवढा उजळ माणूस, तेवढे घाव. आणि आमच्या भागात माणसं मेल्यावर गोरी होतात. जन्मभर उन्हात राबलेला, करपलेल्या कातड्याचा म्हातारा असो, त्याचा मुलगा हटकून म्हणणार, “जरा उजळ घ्या.” टोपी तर पांढरीशुभ्रच हवी, धोतर हवं, उपरणं हवं. एका टोपीला आईचे दोन दिवस जायचे. “मानूस थोडा आन् टोपी लय,” ती म्हणायची. मी आता शिरूरला राहते, भूगोल शिकवून निवृत्त व्हायला आले आहे, आणि रस्त्यानं जाताना असले दगड दिसले की लोक हात जोडतात तेव्हा मी फक्त पांढऱ्या भागाकडे बघते. त्या माणसांच्या अंगावरचं सगळं तेज म्हणजे एका बाईच्या हाताची मजुरी आहे. ते त्यांचं कधीच नव्हतं.

मी अकरावीत असताना मांडवगणच्या बाजूच्या एका गावातून मोठं काम आलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या घरातली मुलं माझ्या वर्गात बसून गेली आहेत. बापूसाहेब नावाचे बागायतदार जीपमधून आले. वडील आबासाहेब वारलेले, त्यांचं स्मारक बंगल्यासमोर करायचं, वर घुमट, चारी बाजूंनी स्टीलचा कठडा, मध्ये पुरुषभर उंचीचा दगड. वडिलांच्या पुण्याईवर पाय ठेवून बापूसाहेबांना झेडपीत चढायचं होतं आणि ते लपवण्याचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. मंत्र्यांची तारीख मिळाली होती. फोटो आणला तो स्टुडिओवाल्यानं हातानं रंगवलेला. ओठ गुलाबी, गाल तुकतुकीत, फेटा केशरी. “आबा असंच दिसायचे,” बापूसाहेब म्हणाले. “फेटा जरा आजून भारदस्त करा, आर्टिस्ट. आन् उजळ घ्या.”

ते गेल्यावर अण्णांनी आईला आनंदानं सांगितलं, “तुझ्या माहेरच्या गावचं काम आलंय बघ!” हे त्यांनी बापूसाहेबांना मात्र सांगितलं नव्हतं. आपली बायको त्याच गावच्या खालच्या वस्तीतली, बौद्धवाड्यातली, ह्यांच्याच रानात राबलेल्या बाईची लेक, हे सांगितलं असतं तर आर्टिस्टपणाला ओरखडा गेला असता. आईनं फोटो हातात घेतला, खिडकीपाशी नेला, परत आणून टेबलावर ठेवला. अण्णांनी त्यांच्या पद्धतीनं चौकोन पाडले, रेघा उतरवल्या आणि ते आपल्या साधनेतून मोकळे झाले. एकदा रेघा उतरवल्या की दगड पूर्ण होईपर्यंत ते त्याच्याकडे ढुंकून पाहत नसत. सही करण्यापुरते येत.

आई दर वेळी कपाळापासून सुरुवात करी. या वेळी तिनं डाव्या गालापासून केली. मी नेहमीप्रमाणे फोटो धरून बसले, तर म्हणाली, “ठिव त्यो बाजूला.”

“मग बघणार कशात?”

“मला म्हाईत हाय ह्ये तोंड.”

सव्वा महिना ती त्या दगडापुढं होती. मी तिला असं काम करताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. डोळ्यांखालच्या पिशव्या आल्या, ओठ फोटोतल्यापेक्षा पातळ आणि घट्ट झाले, एक भुवई किंचित वर गेली. फोटोतला गुलाबी म्हातारा हळूहळू नाहीसा झाला आणि समोर एक असा माणूस उभा राहिला की शेडमध्ये एकटीनं जायला मला नको वाटायला लागलं. फक्त डाव्या डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, करंगळीच्या नखाएवढी रुंद एक तिरकी पट्टी काळीच राहिली होती. मला वाटलं, ती विसरली.

“आई, इथं राहिलंय गं मारायचं.”

“न्हाई राहिलं.”

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बापूसाहेब दगड न्यायला आले. बरोबर टेम्पो, चार माणसं, आणि जीपमध्ये पुढं त्यांची आई. थोरल्या बाई. बारीक अंगाच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, गुडघे दुखत असल्यामुळं काठी टेकत चालणाऱ्या. दगड आपल्याला आधी बघायचा असा त्यांनी हट्ट धरला होता. अण्णा सफारी घालून तयार होते. सही त्यांनी आदल्या संध्याकाळी पोतं फक्त कोपऱ्यापुरतं उचलून केली होती. सगळे शेडमध्ये जमले तसं त्यांनी पोत्याचं टोक धरलं, एक क्षण थांबले आणि झटक्यात ओढलं.

“वा!” बापूसाहेब म्हणाले. “आबा आता बोलत्याल!” मग ते दोन पावलं पुढं आले, मान वाकडी केली. “आर्टिस्ट, ह्ये काय हाय? गालावर?”

अण्णांनी पाहिलं. ते दगड पहिल्यांदाच पाहत होते हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. बापूसाहेबांना कसं कळलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

“ती शीर आहे, साहेब. दगडातली. ग्रॅनाइटला असतेच नैसर्गिक.”

“शीर न्हाई ती,” थोरल्या बाई म्हणाल्या.

“आये, तू गप. आबांना बैलानं शिंग मारलं व्हतं, त्याचा वण व्हता तिथं, मला म्हाईत हाय. पन फोटोत न्हाई ना त्यो? मग दगडात कुठनं आला?” बापूसाहेबांचा आवाज चढला. “भरून टाका. आत्ताच्या आत्ता. ठिपकं मारायचं येवढंच ना?”

अण्णांनी आईकडे पाहिलं. आई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे हलवला नाही, मान हलवली नाही. चारचौघांत तिला टोच्या द्यायचा तर आजवरची सगळी भाषणं वाया गेली असती. अण्णांनी सफारीची बाही वर केली आणि पोत्यावर बसले. बसताना पँटीची इस्त्री सांभाळली, हे मला आठवतं. टोच्या त्यांनी सरळ उभा धरला. तो तिरका धरतात. पहिल्या फटक्याचा आवाजच चुकीचा आला. मी शेडच्या खांबाला धरून उभी होते. दुसरा फटका. तिसऱ्याला टवका उडाला, खारकेएवढा, आणि थोरल्या बाईंच्या पायाशी येऊन पडला. आबासाहेबांच्या गालावर खड्डा पडला. खड्ड्यातला दगड ना काळा ना पांढरा, राखेच्या रंगाचा, ओबडधोबड.

दगडाला खोडरबर नसतं. बापूसाहेब अण्णांच्या हाताकडे पाहत होते. “आवं, हात कापतोय तुमचा! तुमीच केलंय ना ह्ये?”

“आईनं केलंय,” मी म्हणाले. “सगळे दगड आईच करते. अण्णा सही करतात.”

मी सत्याच्या प्रेमापोटी बोलले असं कुणाला वाटायला नको. टोच्या तसा धरलेला मला बघवेना, एवढंच. अण्णा उठले, गुडघे झटकले आणि हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, “मदत करते थोडी. ठिपके मारायला. कला माझी असते साहेब, ती आपली हमाली.”

हमाली. त्या दुपारी त्यांना एवढा एकच शब्द सापडला. आईनं ट्रे खाली ठेवला. हात पदराबाहेर आले, पांढरे, मनगटापर्यंत. थोरल्या बाई काठी टेकत तिच्याजवळ गेल्या आणि तिला न्याहाळत राहिल्या.

“कुणाची गं तू?”

“हौसाची. खालच्या वस्तीतली. तुमच्या नव्या हिरीवर व्हती माझी आई.”

थोरल्या बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. “खुरपं,” त्या म्हणाल्या.

“व्हय बाई.”

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना ठाऊक होतं. गावातल्या त्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक असणार. “ह्यो दगड न्यायचा न्हाई,” ते ओरडले. “हिच्या हातचा दगड माझ्या दारात? दुसरा करा. कुठनं पन आना!”

“परवा कार्यक्रम हाय तुझा,” थोरल्या बाई म्हणाल्या. “मंत्री काय रिकाम्या वट्याला हार घालनार व्हय? उचला रं ह्यो.”

“आये...”

“चाळीस वर्सं उशाला व्हता त्यो गाल माझ्या. मला बैल नको सांगूस. उचला म्हंते ना!”

माणसांनी दगड उचलला. जाताना बाईंनी आईपुढं हात जोडले नाहीत, तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. जीपमध्ये बसल्या आणि समोर बघत राहिल्या.

संध्याकाळी आई शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, शेंगेवरची नजर न काढता. “हिरीचं काम चाललं व्हतं. म्या धा वर्साची, वर खडी फोडत व्हते. त्यो आईच्या अंगावर गेला. तिनं खुरपं हानलं.”

“मग?”

“मग काय, काम सुटलं आमचं. आन् गावानं बैलाला मारका ठरवून बाजार दाखवला.”

“मग ती रेघ तू मुद्दाम ठेवलीस.”

“ठिवायला काय लागतंय? म्या तिथं मारलंच न्हाई, येवढंच. बाकीचा केला की पांढरा. तेवढा गाल म्या का उजळू?”

अनावरणाला आई गेली नाही. अण्णा गेले, आणि मला घेऊन गेले. मी गेले, कारण मला बघायचं होतं. दगडाच्या डाव्या बाजूवर झेंडूचा जाड हार तिरका बांधला होता, सुतळीनं, मागच्या खिळ्याला. खड्डाही झाकला आणि वणही. मंत्री दोन तास उशिरा आले, हार पाहून म्हणाले, चेहऱ्यावर किती करारीपणा आहे. टाळ्या पडल्या. मग शिल्पकार म्हणून अण्णांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आणि बापूसाहेबांनीच तो केला, कारण पत्रिकेत नाव छापलेलं होतं. अण्णा माईकवर दहा मिनिटं साधनेबद्दल बोलले. दगडात माणूस असतोच, आपण फक्त नको तो भाग काढतो, असं ते म्हणाले. मी पहिल्या रांगेत बायकांत बसले होते. त्या दहा मिनिटांत मला माझ्या वडिलांविषयी जे वाटलं ते नंतर कधी गेलं नाही, आणि मी ते घालवायचा प्रयत्नही केलेला नाही.

मला वाटलं होतं, आता सगळं बदलेल. सगळं तसं काही बदललं नाही. अण्णांनी सह्या करणं सोडलं नाही आणि लोकांनी त्यांना आर्टिस्ट म्हणणं सोडलं नाही. लोकांना खरं काय ते कळलं तरी त्यांची काही अडचण होत नाही, हे मी तेव्हा शिकले. बदलली ती आई. तिनं दगड मागच्या शेडमधून पुढच्या ओट्यावर आणला, रस्त्याच्या तोंडाला. अण्णा म्हणाले, लोक बघतील. ती म्हणाली, बघू द्या. पोतं टाकणं बंद झालं. आणि फोटो आला की ती आधी तो उन्हात धरून नीट पाही आणि कधीकधी परत करी. “ह्ये तोंड म्या करत न्हाई.” कारण सांगत नसे. मग अण्णांना सफारी घालून त्या गावाला जावं लागे आणि सध्या चांगला दगड येत नाही, असं सांगावं लागे. काही कामं गेली. ज्यांचे चेहरे ती करी ते लोक मात्र ओट्यासमोर सायकल लावून उभे राहत. वरवंडच्या एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या बायकोचा दगड करायला दिला आणि तो रोज येऊन पायरीवर बसायचा. फोटो ओळखपत्रावरचा होता, अंगठ्याएवढा. आई त्याला विचारायची, “हसताना कसं व्हायचं तोंड?” तो सांगायचा. त्या म्हातारीला तिनं सावळीच ठेवली. नवऱ्यानं उजळ कर म्हटलं नाही. तो दगड मला सगळ्यांत आवडतो. त्यावरही अण्णांची सही आहे.

पुढं सणसवाडीकडे कंपन्यांच्या पट्ट्यात एका दुकानात मशीन आलं. कॉम्प्युटरला फोटो द्यायचा, दगड आडवा घालायचा, चहा पिऊन येईपर्यंत माणूस तयार. टवका उडत नाही, हात कापत नाही, आणि कुणाला काय म्हाईत हाय याचा प्रश्नच येत नाही. सगळे चेहरे सारखेच गुळगुळीत आणि सारखेच बावळट दिसतात. आईनं दोनेक वर्षांत काम थांबवलं. बोटं तशीही वळेनाशी झाली होती. अण्णा निवृत्त झाले होते. ते त्या दुकानाचे एजंट झाले, मोबाइलवर फोटो गोळा करायचे, आणि त्यांनी मशीनवाल्याकडून आपली सही कॉम्प्युटरात भरून घेतली. शेपटासकट. हे मी रागानं सांगत नाही. रागाला समोर कुणीतरी लागतं.

अण्णा गेले ते झोपेत, त्रास न होता. जलदानविधी झाल्यावर विहाराच्या कमिटीची दोन माणसं घरी आली. आवारात अण्णांचा दगड बसवायचा, असं ठरलं होतं. आई उंबऱ्याशी मसूर निवडत होती. त्यातला एक, जरा अदबीनं, म्हणाला, “मावशी, अण्णांचा दगड तुमच्या हातचा झाला तर... शेवटचा. मशीनचा नको वाटतो.”

“फोटो आना मग,” आई म्हणाली.

“तुम्हाला कशाला लागतोय फोटो? पन्नास वर्सं संसार केला तुम्ही.”

“न्हाई ध्यानात मला त्यांचं तोंड.”

तो माणूस हसला, त्याला वाटलं दुःखात माणूस असं बोलतो. मी आत जाऊन अण्णांचा सफारीतला फोटो काढून आणला. आईनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि फोटो दाराच्या उजेडात धरला. तिनं तो नीट पाहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसे ती सगळे फोटो पाहायची. मग माझ्याकडे परत दिला.

“मशीनवाल्याला द्या,” ती म्हणाली. “ह्या तोंडाला मशीन पुरंल.”